लिंकांची इर्जिक

कापूस फुटल्याचं मला पुण्यात आईच्या बोटांवरून कळतं. व्हिडिओ कॉलवर ती फोन असा धरते की तोंड कमी आणि बोटंच जास्त दिसतात. दिवाळीच्या आसपास एखाद्या संध्याकाळी त्या बोटांवर, नखांच्या कडेकडेनं, बारीक ओरखडे दिसले की समजायचं, आमच्या गावी, बोरी अरबला, कापसाचा वेचा सुरू झाला. सुकलेल्या बोंडाची टोकं फार बोचतात. हातमोजे घालत जा म्हटलं तर म्हणते, "मोजे घालून कापूस हाती लागते का वं?" मग मी विषय बदलते.

माझ्या इमारतीत हिवाळा येतो तो लिफ्टमधल्या सूचनेतून. सोलरचं गरम पाणी जपून वापरावे, असा कागद कुणीतरी चिकटवतं आणि त्या दिवसापासून हिवाळा. शेजारच्या दारावरची पाटी मला पाठ आहे, पण त्या दारामागच्या माणसाचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. मी कपाट उघडते, वरच्या कप्प्यातली आईची वाकळ खाली काढते आणि उन्हात टाकते. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली, आत पिंजलेला कापूस भरलेली. कॉलनीतली एक बाई एकदा खालून ओरडून म्हणाली, "किती युनिक आहे हो, कुठून ऑर्डर केलीत?" मी म्हटलं, घरून. तिला ते दुकानाचं नाव वाटलं असावं.

पोटापाण्यासाठी मी काय करते हे आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. कंपन्यांच्या साइट्सना इंटरनेटवर वर आणायचं, हे माझं काम. त्यातही माझा हात स्पर्धांवर बसलेला आहे. कुकर विकणारी कंपनी असो की फ्लॅट विकणारी, मी त्यांच्यासाठी एखादी स्पर्धा काढते. आजीच्या हातची आमटी, स्वप्नातलं घर, असलं काहीतरी. लोकांनी आपापल्या ब्लॉगवर लिहायचं, खाली कंपनीच्या साइटची लिंक द्यायची, उत्तम लेखाला बक्षीस. लोक हौसेनं लिहितात, लिंका गोळा होतात, साइट वर चढते. ऑफिसात मला या कामातली जुनी जाणती समजतात. नव्या लोकांना शिकवताना मी एक वाक्य दरवर्षी सांगते: ओळखीपाळखीच्या लिंका घेऊ नका. लोक ते लिहून घेतात. का, ते मी सांगत नाही, पुढच्या मुद्द्यावर जाते.

माझी पहिली स्पर्धा बोरी अरबची होती.

ते आमच्या जिल्ह्याचे वाईट दिवस होते. कापसाची पऱ्हाटी हिरवीगार दिसायची आणि बोंड फोडलं की आत अळी. कापसाला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही. शहरातून गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे. स्टँडवर परका माणूस उतरला की तो कोणाच्या घराचा पत्ता विचारणार, हे पानठेलेवाल्याला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळायचं. तो नुसतं बोट दाखवायचा. कॉम्प्युटरवर आमच्या जिल्ह्याचं नाव टाका, तिथेही तेच. पानामागून पान शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्या. यवतमाळच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकताना मी ते पाहायचे आणि मला राग यायचा. बातम्या खोट्या नव्हत्या. पण त्या पानांवर माझी आई कुठेच नव्हती, जी हिवाळाभर लोकांच्या वावरात कापूस वेचायची आणि उन्हाळाभर वाकळी शिवायची.

शिकून मी घरी परत आले. बाबा आधीच गेले होते, घरात आई आणि मी. पुण्याच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती, तिला मी संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली. आईला म्हटलं, तुझ्या वाकळींची साइट काढते. बाहेरून मागणी आली तर मी इथेच राहते, तू शीव, मी विकते. नाही आली तर जाते. आई सुईत दोरा ओवत होती. ती म्हणाली, "पाहू बावा, हिवाळा जाऊ दे." दोरा काही तिला ओवता आला नाही, तो मी ओवून दिला. इतकी सरळ गोष्ट होती. साइट चालली तर घर, नाही चालली तर पुणं.

साइटचं नाव मी 'वाकळ' ठेवलं. गावात त्याला वाकय म्हणतात, पण म्हटलं, पुण्यामुंबईचे लोक बिचकायचे. फोटो काढायला वाकळी मी अडाण नदीच्या पात्रातल्या खडकांवर पसरवल्या. साइट सुंदर झाली आणि ती कुणीही पाहिली नाही. का पाहील? साइट वर दिसायची तर दुसऱ्या चांगल्या साइट्सनी तिचा पत्ता द्यावा लागतो, त्यालाच लिंक म्हणतात. स्टँडवर उतरून कुणाचं घर विचारलं आणि चार अनोळखी माणसांनी एकाच दिशेला बोट दाखवलं की आपण निर्धास्त चालू लागतो, तसं. आमच्या बाजूला बोट दाखवणारं कुणीच नव्हतं. तेव्हा मला स्पर्धेची युक्ती सुचली. मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांचे ते बहरातले दिवस होते. मी जाहीर केलं, तुमच्या घरातल्या जुन्या पांघरुणाची गोष्ट तुमच्या ब्लॉगवर लिहा, खाली 'वाकळ'ची लिंक द्या, सगळ्यात मनाला लागेल त्या गोष्टीला माझ्या आईनं शिवलेली नवी वाकळ बक्षीस.

घरी कॉम्प्युटर नव्हता. दारव्ह्याला इरफानभाईंचं सायबर कॅफे होतं, तिथे मी रोज काळीपिवळी जीपनं जायचे. सकाळी निघताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरं पांढरी झालेली असायची. बायका कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत शिरलेल्या, दवानं ओला कापूस, हिवाची वाफ, कुणीतरी कुणाला तरी मोठ्यानं हाक मारतंय. आईही त्यांच्यातच असायची. पहिल्या वेच्याच्या दिवशी वावरधनीण सीतादही करायची, पऱ्हाटीखाली दगड मांडून त्याला हळदकुंकू आणि दहीभाताचा नैवेद्य. आम्ही बौद्ध, आमच्या घरी ते नाही, पण वाटणीचा दहीभात सगळ्यांनाच मिळायचा आणि लहानपणी मी त्या घासासाठी वेचायला जायचे. आता मी गाडीच्या खिडकीतून पाहत पुढे जायचे. त्या हंगामात मी गावातच होते, तरी गाव माझ्यापासून लांब गेलं होतं. ज्यांच्याशी मी दिवसभर बोलायचे ते पुण्याला, नाशिकला, कुठल्या कुठल्या देशात होते. त्यांचे चेहरे मला ठाऊक नव्हते. आणि ज्यांचे चेहरे ठाऊक होते त्यांना मी दारव्ह्याला जाऊन काय करते हे सांगता येत नव्हतं. "सुजाता कॉम्पुटरवर बसून राह्यते," एवढंच गावाला माहीत. बसून राहण्याला आमच्याकडे काम म्हणत नाहीत.

पण गोष्टी आल्या. नाशिकच्या एका गृहस्थांनी वडिलांच्या रेल्वेतल्या घोंगडीवर लिहिलं. परदेशात राहणाऱ्या एका बाईंनी लिहिलं की आईच्या गोधडीतला एक टाका उसवला आहे आणि तो शिवायचा त्यांना धीर होत नाही, कारण बाकीचे सगळे टाके आईचे. ते मी कॅफेत वाचलं आणि इरफानभाईंनी पडद्याचा उजेड कमी करून दिला, त्यांना वाटलं त्या उजेडानं डोळ्यांत पाणी आलं. बक्षीस त्या बाईंनाच द्यायचं ठरवलं. आईला सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "तिच्या गावाले थंडी कितीक असते?" बर्फ पडतो म्हटल्यावर तिनं शिवलेली कड उसवून आत आणखी कापूस भरला.

आणि साइट चढू लागली. जिल्ह्याचं नाव आणि कापूस असं टाकलं की मरणाच्या त्या पानांमध्ये एक दिवस माझ्या आईची वाकळ दिसली, खडकावर पसरलेली. खाली होती, पण होती. मी त्या पानाकडे बराच वेळ पाहत बसले. मागणीची दोनचार पत्रंही आली. घरी येऊन आईला म्हटलं, अजून थोड्या लिंका मिळाल्या तर मी जात नाही. हे मी जेवताना, सहज म्हटलं. आईनं ते मनात धरलं.

आमच्याकडे इर्जिक नावाची रीत आहे. एखाद्याचं काम अडलं, बैल मेला, घरधनी आजारी पडला, की गावानं एक दिवस आपलं काम सोडून त्याच्या वावरात उतरायचं. मजुरी घ्यायची नाही, जेवण तेवढं घ्यायचं. बैलजोड्यांच्या त्या रांगा मी लहानपणी पाहिल्यात, हल्ली कोणी फारशी घालत नाही. आईनं विहारातल्या बचत गटाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की माह्या पोरीचं काम अडलं. काय अडलं, असं कुणीतरी विचारलं. आई म्हणाली, लिंका कमी पडून राह्यल्या. लिंका म्हणजे काय हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, आईलाही नाही. गटाच्या अध्यक्ष शांतामावशी म्हणाल्या, "मंग टाकू ना आपन. दारव्ह्याले जाऊन टाका लागते का? चाला."

मी तेव्हा नागपूरला होते, एका प्रदर्शनात वाकळी मांडायला. इकडे ऐन वेच्यात, कापूस फुटून गळायला आलेला असताना, बायकांनी एक दिवसाची मजुरी सोडली. जिच्या वावरात वेचायचं होतं ती वावरधनीणही आपलं वावर तसंच टाकून त्यांच्याबरोबर निघाली. टेम्पो भरून सगळ्या इरफानभाईंच्या दारात. शांतामावशींनी सांगितलं, आम्हाले लिंका टाकाच्या हायेत. इरफानभाई भला माणूस. त्यांनी त्या दिवशी कॅफेचं शटर अर्धं ओढलं, बाकीच्या गिऱ्हाइकांना परत पाठवलं आणि एकेका बाईचा ब्लॉग काढला. वेबकॅमसमोर बसवून फोटो घेतला. बाईनं सांगायचं, त्यांनी टाइप करायचं. आणि प्रत्येकीच्या खाली 'वाकळ'ची लिंक, तेच शब्द, तोच पत्ता. आईनं घरून भाकरी आणि वांग्याची भाजी नेली होती. इर्जिकीचं जेवण कॅफेच्या पायऱ्यांवर झालं.

नागपूरहून आले तर स्टँडवरच शांतामावशी भेटल्या. "टाकल्या वं लिंका तुह्या," त्या म्हणाल्या, "आता कोठी जात नाईस तू." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हसले, कारण त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

पुढे काय होणार हे मला ठाऊक होतं आणि तसंच झालं. बोट दाखवणारी माणसं एकाच घरातून आली आहेत असं दिसलं तर विचारणारा वाटेतच थांबतो. एका कॉम्प्युटरवरून, एका दिवसात, एकाच शब्दांत टेम्पोभर लिंका. इंटरनेटवर साइट्स शोधून वर-खाली लावणाऱ्या यंत्राला त्यात लबाडी दिसली. ते तरी काय करणार, त्याला इर्जिक कुठून माहीत असणार? आठवड्याभरात साइट खाली गेली आणि मग दिसेनाशीच झाली. जिल्ह्याचं नाव टाकलं की पुन्हा तीच जुनी पानं, वरपासून खालपर्यंत.

उपाय होता. ते सगळे ब्लॉग पुसून टाकायचे, त्या शोधयंत्राच्या कंपनीला तसं कळवायचं आणि वाट पाहायची. साइट परत वर येण्याची बरीच शक्यता होती. संक्रांत अजून लांब होती. मी इरफानभाईंकडे गेले. सगळ्या ब्लॉगांच्या चाव्या त्यांच्याकडेच होत्या. ते ऐकून ओशाळले. "दीदी, मेरेकू क्या मालूम. मले वाटलं, जितक्या जास्त तितकं चांगलं." मग म्हणाले, "पुसून टाकू सगळे, पाच मिनिटाचं काम आहे." त्यांनी पहिला ब्लॉग उघडला आणि चहा सांगायला बाहेर गेले.

पहिलाच शांतामावशींचा होता. फोटोत त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतलेला, डोळे कॅमेऱ्याऐवजी इरफानभाईंकडे. खाली लिहिलं होतं, "जयभीम. माह्या वाकयीत माह्या सासूचं लुगडं हाये. सासू खराब होती, वाकय चांगली हाये. सुजाताच्या मायनं शिवली." दुसरीनं लिहिलं होतं की तिचा नवरा गेल्या साली गेला, कॅमेरेवाले आलते, त्याहिनं समदं विचारलं पण वाकय नाई विचारली, म्हनून आता सांगून राह्यली. तिसरीनं फक्त एक ओळ सांगितली होती, "सुजाताले गावातच काम लागू द्या." कुणाला सांगितलं होतं हे कळायला मार्ग नव्हता. वावरधनीणीनं लिहिलं होतं की आज वावरात कापूस गळून राह्यला पन पोरगी रायली पायजे. आणि सगळ्यात शेवटी आई. आईनं वाकळीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. "मी सुजाताची माय," एवढंच, आणि खाली ती लिंक.

त्या नाशिककर गृहस्थांपेक्षा, त्या परदेशातल्या बाईंपेक्षा, माझ्या स्पर्धेला आलेल्या या गोष्टी खऱ्या होत्या. आमच्या जिल्ह्याबद्दल इतकं लिहिलं गेलं, पण या बायकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं इंटरनेटवर तेवढंच. आणि गावात राहायचं तर मला ते पुसायला हवं होतं. चहा आला, निवला. इरफानभाई म्हणाले, "करू का?" मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, "मग साइट?" मी पुन्हा म्हटलं, राहू द्या. परत येताना गाडीत मी सगळ्यात मागे बसले. बाहेर दुसरा वेचा चालू होता आणि कुणीतरी हात हलवला. मला फार एकटं वाटलं, कारण जे झालं ते या रस्त्यावरच्या एकाही माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

संक्रांतीनंतर मी पुण्याला आले. रुजू झाले तेव्हा कळलं, मधल्या काळातली माझी स्पर्धा त्यांना आवडली होती, नाशिकच्या आणि परदेशच्या लिंका त्यांनी पाहिल्या होत्या. गावानं मात्र त्याचा वेगळा अर्थ लावला. आपण लिंका टाकल्या आणि पोरगी पुण्याला लागली. शांतामावशी पाहुण्यांना अजून सांगतात, "आमच्या लिंकनं लागली थे." मी एकदाही त्यांना दुरुस्त केलं नाही. त्यात खोटं असं काही नाहीच, त्या लिंकांमुळेच मी इथे आले, हे मला मागाहून कळलं.

आता 'वाकळ'वर काही विकलं जात नाही. आईची नजर कमी झाली, शिवणं सुटलं. पण तो पत्ता मी दरवर्षी पैसे भरून चालू ठेवते. ऑफिसातले हसतात, मेलेल्या साइटला कोण पोसतं म्हणतात. तिथे एकच पान आहे, खडकावर पसरलेल्या वाकळीचं. शांतामावशींच्या ब्लॉगवरून कुणी चुकून लिंक दाबली तर समोर दार उघडं असावं, एवढ्यासाठी. कुणी दाबत नाही. हिवाळ्यात, ऑफिस सुटल्यावर, सगळे एकमेकांना कुठेतरी भेटायला गेलेले असतात तेव्हा मीच एकेक ब्लॉग उघडते, वाचते आणि खालची लिंक दाबते.

परवा आईचा फोन आला. बोटांवर ओरखडे होतेच. मागे बायकांचा गलका, पहिल्या वेच्याचा दिवस, वावरातूनच बोलत होती. "सीतादही झाली आमची," म्हणाली, "तुह्या वाटचा घास मी खाल्ला." मग फोन तिनं सरळ धरला आणि बऱ्याच दिवसांनी मला तिचं अख्खं तोंड दिसलं.

"सुजा, एक विचारू? त्या टायमाले आम्ही लिंका टाकल्या तं तू पुण्याले गेली. आता वापस आनाले काय टाका लागते? समद्या हायेत अथी. टाकतो."

या धंद्यात मला इतकी वर्षं झाली, लोक मला विचारून कामं करतात. फोनमध्ये वारा ऐकू येत होता.

मागून शांतामावशींचा आवाज आला, "काय म्हनते वं पोरगी?"

आई माझ्याकडेच पाहत त्यांना म्हणाली, "इचार करून राह्यली."